आमचं छोटं गाव दोन असेंब्ली डिस्ट्रिक्टमध्ये कापलं जातंय. कुणाला काही अनुभव आहे का?

पाइनखालची | 12 नोव्हेंबर 2021

नमस्कार. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आणि असेंब्लीच्या, म्हणजे इथल्या राज्याच्या विधानसभेच्या, मतदारसंघांच्या (डिस्ट्रिक्टच्या) नकाशांच्या भानगडीतलं काही कळणाऱ्या मंडळींकडून मदत हवी आहे. दिवस फार थोडे आहेत.

सिएरा नेव्हाडाच्या पश्चिम उतारावर, साधारण साडेतीन हजार फुटांवर आमचं गाव आहे. गाव म्हणते खरी, पण कागदोपत्री ते गाव नाहीच. नगरपालिका नाही, महापौर नाही, सगळा कारभार काउंटी बघते. वस्ती 2,800च्या आसपास. एक शाळा, एक पोस्ट, गावकऱ्यांनीच चालवलेलं अग्निशमन केंद्र आणि एक दवाखाना. त्या दवाखान्यात मी नऊ वर्षं रिसेप्शनला आहे, त्यामुळे गावातलं जवळजवळ प्रत्येक घर मला आडनावासकट आणि आजारासकट माहीत आहे.

परवा, 10 तारखेला, राज्याच्या रीडिस्ट्रिक्टिंग कमिशनने, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा आखणाऱ्या आयोगाने, कच्चे नकाशे जाहीर केले. जेवणं उरकल्यावर मी आणि लेक लॅपटॉपवर आमचं गाव शोधत बसलो. सापडलं. त्याच्या पोटातून रेघ गेलेली. हायवेच्या उत्तरेकडचं गाव एका असेंब्ली डिस्ट्रिक्टमध्ये, दक्षिणेकडचं दुसऱ्या. उत्तरेकडचे आत्ता आहेत तसे डोंगरातल्या बाकी वस्त्यांबरोबर राहतात. दक्षिणेकडचे, म्हणजे आम्ही, खाली व्हॅलीतल्या एका मोठ्या शहराला जोडले गेलोय. तिथे पोहोचायला गाडीने सव्वादोन तास लागतात, बर्फात विचारूच नका.

नकाशात जाड पिवळा दिसणारा तो हायवे म्हणजे आमचा गावातला मुख्य रस्ता आहे हो. ताशी 25 मैलांची पाटी आहे तिथे. दवाखाना या बाजूला, शाळा त्या बाजूला. पाण्याची टाकी उत्तरेच्या टेकडीवर आणि तिचे नळ दोन्हीकडे. ऑगस्टमध्ये कॅल्डोर आग पेटली तेव्हा ती आमच्यापर्यंत आली नाही, पण घर सोडायच्या तयारीत राहा म्हणून सूचना होती. खाली उतरायला रस्ता तो एकच. तीन दिवस दोन्ही बाजूंच्या गाड्या तोंडं खाली करून उभ्या होत्या. तेव्हा आम्ही एक गाव होतो आणि नकाशात मात्र दोन.

माझे प्रश्न असे:

नकाशा जाहीर झाल्यावर रेघ हलते का, की हा सगळा उपचारच असतो? साधं टपाल टाकून कुणी वाचतं का? आणि मुख्य म्हणजे, माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही. मला मत नाही. मग मी बोलले तर त्याला काही किंमत असेल का? गावात बाकी कुणी हे अंगावर घ्यायला तयार दिसत नाही. वय झालंय बहुतेकांचं, आणि आगीनंतर सगळे थकलेत.

---

बे_एरियाकर | 12 नोव्हेंबर 2021

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तिथेच तुमचा पाय अडखळलेला दिसतोय. बोला. नक्की बोला. मतदारसंघ लोकसंख्येवर आखतात, मतदारयादीवर नाही. 2020च्या जनगणनेत तुम्ही मोजल्या गेल्या आहात, तुमची लेक मोजली गेली आहे. त्या डिस्ट्रिक्टचा आकडा भरायला तुम्ही चालता, तर त्याबद्दल बोलायलाही चालता. साक्ष फोनवर देता येते, तिथे नागरिकत्व कुणी विचारत नाही.

2011मध्ये, म्हणजे हे कमिशन पहिल्यांदाच बसलं तेव्हा, मी आमच्या भागासाठी साक्ष दिली होती. त्याआधी इथे बहुतेक वेळा आमदारच आपापल्या सीमा आखत. 2008च्या प्रपोझिशन 11ने, म्हणजे लोकांनी मतदानाने मंजूर केलेल्या प्रस्तावाने, ते काम त्यांच्या हातून काढून 14 नागरिकांना दिलं: 5 डेमोक्रॅट, 5 रिपब्लिकन, 4 दोन्हींपैकी कुठलेच नाहीत असे. ही माणसं नकाशा सगळ्यांसमोर उघडून बसतात, थेट प्रक्षेपण असतं. लोकांचं ऐकून रेघ सरकलेली मी स्वतः पाहिली आहे. प्रत्येकाची सरकते असं नाही.

त्यांच्यावर राज्यघटनेने निकषांची उतरंड घातली आहे. पहिली समान लोकसंख्या, मग व्होटिंग राइट्स अ‍ॅक्ट (अल्पसंख्याकांच्या मताचं वजन जपणारा देशाचा कायदा), मग सलगता. चौथ्या पायरीवर शहर, काउंटी, शेजार आणि 'कम्युनिटी ऑफ इंटरेस्ट' शक्यतो तोडू नये, हे येतं. तुमचं सगळं म्हणणं या चौथ्या पायरीवर उभं करा. तिची व्याख्या अशी की एकमेकांना लागून राहणारे, सामाजिक आणि आर्थिक हितसंबंध समान असलेले लोक. पक्ष, उमेदवार किंवा आत्ताचे लोकप्रतिनिधी यांच्याशी असलेलं नातं त्यात स्पष्टपणे वगळलं आहे. म्हणून 'आमच्या असेंब्लीमनचं काम चांगलं आहे, आम्हाला तेच हवेत' असं एक वाक्यही घालू नका. लोक हमखास हेच लिहितात, आणि कमिशनला ते विचारात घेताच येत नाही.

तुम्ही वर पाण्याची टाकी, शाळा, एकच रस्ता हे लिहिलंत ना, ती साक्षच आहे. तेच लिहा.

---

मोजपट्टी | 13 नोव्हेंबर 2021

मी नकाशांच्याच कामात आहे, कमिशनशी संबंध नाही. ही रेघ तिथे का आली ते सांगतो, म्हणजे ती हलवायला कुणाला काय सांगायचं ते कळेल.

नकाशा सेन्सस ब्लॉकच्या, म्हणजे जनगणनेच्या सगळ्यात लहान तुकड्यांच्या, विटांनी रचतात. या विटांच्या कडा रस्ते, नद्या, रेल्वेचे रूळ अशा ठिकाणी असतात. संगणकावर बसलेल्या माणसाला हायवे ही चांगली, स्वच्छ कड वाटते. शहरात ते बरोबरही असतं, तिथला आठपदरी हायवे खरोखरच दोन वस्त्या वेगळ्या करतो. डोंगरातल्या गावात मात्र घरं हायवेला धरूनच वसलेली असतात. हे पडद्यावर दिसत नाही. कुणीतरी सांगावं लागतं.

आता आकडे. राज्याची लोकसंख्या 3 कोटी 95 लाख, असेंब्लीच्या जागा 80. म्हणजे एका डिस्ट्रिक्टमध्ये सुमारे 4 लाख 94 हजार माणसं. राज्याच्या नकाशांत आदर्श आकड्यापासून साधारण 5 टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे जवळजवळ 25 हजार. तुमचं अख्खं गाव 2,800. दक्षिणेकडचे समजा 1,300. एवढी माणसं या डिस्ट्रिक्टमधून त्या डिस्ट्रिक्टमध्ये गेली तरी तराजू हलणार नाही. लहान असण्याचा हा फायदा आहे, तो तुमच्या साक्षीत आकड्यानिशी सांगा: 'आम्हाला एकत्र ठेवल्यास कुठल्याही डिस्ट्रिक्टचा तोल बिघडत नाही.'

काँग्रेसच्या, म्हणजे वॉशिंग्टनमधल्या देशाच्या संसदेच्या, नकाशाचं तसं नाही. तिथे जवळजवळ एकेका माणसापर्यंत बरोबरी साधतात. शेवटच्या दिवसांत हिशोब जुळवताना 60 माणसं कमी पडली की कडेच्या एखाद्या वस्तीचे दोन-चार ब्लॉक उचलतात. लहान गावांचे तुकडे बहुतेक असेच पडतात, कुणाच्या मनात काही नसताना. म्हणून आधी असेंब्लीवर जोर लावा.

एक कळकळीची विनंती. 'रेघ चुकीची आहे' एवढ्यावर थांबू नका. रेघ कुठे हवी ते सांगा. रस्त्यांची नावं द्या, ओढा, कडा, शेवटचं घर कुठे येतं ते. 'ड्रॉ माय कॅलिफोर्निया कम्युनिटी' नावाचं साधन आहे, त्यात आपल्या गावाची हद्द स्वतः आखून पाठवता येते.

---

सहज_विचारते | 13 नोव्हेंबर 2021

मला खरंच समजून घ्यायचंय, राग नसावा. गाव दोन डिस्ट्रिक्टमध्ये असलं तर दोन प्रतिनिधी मिळतात ना? एकाऐवजी दोघांकडे जाता येईल. त्यात तोटा काय? भारतात आमचा फ्लॅट दोन प्रभागांच्या हद्दीवर आहे, आणि दोन्हीकडचे नगरसेवक निवडणुकीच्या आधी येऊन जातात.

---

पाइनखालची | 14 नोव्हेंबर 2021

राग कशाला. मलाही पहिल्या रात्री क्षणभर तसंच वाटलं होतं.

मागच्या वर्षीची गोष्ट सांगते. साथीत गावातली दोन हॉटेलं आणि लाकडाची वखार बंद पडली. 40 एक जणांचा बेरोजगारी भत्ता राज्याच्या एका खात्यात अडकला. फोन लागत नव्हते. लोक दवाखान्यात यायचे तपासायला आणि रडायचे त्या भत्त्यासाठी. शेवटी मी आणि शाळेतल्या मुख्याध्यापिका, आम्ही सगळ्यांची नावं एका कागदावर उतरवली आणि असेंब्लीमनच्या कार्यालयात दिली. तिथली एक तरुण मुलगी होती, तिने तो कागद धरून ठेवला. दर शुक्रवारी मला फोन करायची, 'आज या तिघांचं झालं.' अडीच महिन्यांत सगळ्यांचं झालं.

आता त्या कागदाचे दोन तुकडे करून बघा. 22 नावं एका कार्यालयात, 18 दुसऱ्या. दुसरं कार्यालय व्हॅलीत, पाच लाख लोकांचं, त्यांच्या समोर आमची 18 माणसं. ते म्हणणार, डोंगरातल्या लोकांचं ते दुसरं कार्यालय बघतं. आणि पहिलं कार्यालय म्हणणार, हायवेपलीकडचे आमचे नाहीत. दोन्ही खरंच बोलत असतील.

आगीच्या विम्याचंही तसंच. आमच्या रस्त्यावर निम्म्या घरांच्या कंपन्यांनी विमा बंद केला, लोक फेअर प्लॅनवर (दुसरं कुणी विमा देत नाही तेव्हा उरणारी शेवटची सोय) आलेत, हप्ता तिप्पट झालाय. डोंगरात निवडून येणाऱ्या माणसाला हा विषय टाळताच येत नाही. व्हॅलीतल्या माणसाला पाण्याचे कालवे आणि बागायती आहेत, त्याचंही चूक नाही, त्याच्याकडे मतं तिथली आहेत.

मोजपट्टी, तुमचं वाचून काल दुपारी गाडी काढली आणि गावाच्या कडेकडेने फिरले. शेवटचं घर कुठलं ते लिहून घेतलं. नऊ वर्षांत कधी पाहिला नव्हता असा एक रस्ता सापडला, ओढ्यापलीकडे 14 घरं आहेत. ती सगळी आमच्याच टाकीचं पाणी पितात.

---

बे_एरियाकर | 14 नोव्हेंबर 2021

तो कागदाचा प्रसंग जसाच्या तसा सांगा. दुसरं काही सांगायची गरज नाही.

सहज_विचारते यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. लॉस एंजेलिसमध्ये कोरियाटाउन म्हणून भाग आहे. 1992च्या दंगलीत तिथली दुकानं जळाली, लुटली गेली. लोक मदत मागायला गेले तर प्रत्येक लोकप्रतिनिधी म्हणे, तो भाग माझ्याकडे नाही. कारण जेमतेम एका चौरस मैलाची ती वस्ती शहराच्या चार कौन्सिल डिस्ट्रिक्टमध्ये आणि असेंब्लीच्या पाच डिस्ट्रिक्टमध्ये वाटली गेली होती. नऊ प्रतिनिधी, आणि जबाबदार एकही नाही. मोठ्या शहराच्या ऐन मध्यावरच्या वस्तीची ही गत झाली, तर 2,800 माणसांच्या डोंगरी गावाचं काय होईल.

आणखी एक, ताई. काउंटीचे सुपरवायझर (काउंटीचा कारभार बघणारे निवडून आलेले प्रतिनिधी) ज्यातून येतात ती डिस्ट्रिक्टसुद्धा आत्ताच आखली जात आहेत, त्यांची मुदत 15 डिसेंबर आहे. 2019च्या फेअर मॅप्स कायद्याने त्यांना किमान चार जाहीर सुनावण्या घ्याव्याच लागतात. तुम्हाला नगरपालिका नाही, म्हणजे रस्ता, बर्फ काढणं, पोलीस सगळं काउंटीचं. रोजच्या जगण्यात तो नकाशा असेंब्लीइतकाच महत्त्वाचा. तोही उघडून बघा.

---

पाइनखालची | 22 नोव्हेंबर 2021

काय काय झालं ते सांगते.

काउंटीचा नकाशा पाहिला, तिथे आम्ही अखंड आहोत. बे_एरियाकर, तुम्ही सांगितलं नसतं तर बघितलाच नसता.

साक्ष लिहिली. पहिला मसुदा दोन पानी झाला होता, त्यात झाडं, डोंगर, भारतातून इथे कशी आले, सगळं. लेकीने वाचला आणि म्हणाली, 'आई, यात रेघ कुठे हवी ते पाचव्या परिच्छेदात येतंय.' तिचं बरोबर होतं. परत लिहिला. पाठवलेला मजकूर इथे देते, गावाचं आणि रस्त्यांची नावं काढून:

'मी या गावात नऊ वर्षं राहते आणि इथल्या दवाखान्यात काम करते. असेंब्लीच्या कच्च्या नकाशात आमचं गाव हायवेवर कापलं आहे. हा हायवे आमचा मुख्य रस्ता आहे, हद्द नाही. कृपया रेघ दक्षिणेला ओढ्यापलीकडच्या 14 घरांच्या मागे, जंगल खात्याच्या जमिनीच्या कडेपर्यंत न्या. त्याने सुमारे 1,300 माणसं उत्तरेकडच्या डिस्ट्रिक्टमध्ये येतील आणि दोन्ही डिस्ट्रिक्ट मर्यादेतच राहतील. आमची एक शाळा आहे, एक पाणीपुरवठा आहे, एक अग्निशमन केंद्र आहे आणि आग लागली तर बाहेर पडायला एकच रस्ता आहे. मागच्या वर्षी 40 जणांचा बेरोजगारी भत्ता आम्ही एका कागदावर नावं लिहून, एका कार्यालयातून सोडवला. तो कागद एकच राहावा अशी विनंती आहे.'

मग दवाखान्याच्या काउंटरवर एक वही ठेवली. डॉक्टरांना आधी विचारलं. आलेल्या माणसाने हवं तर स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहायच्या, मी संध्याकाळी त्या कमिशनच्या फॉर्ममध्ये भरायच्या. सहीचा एकच छापील अर्ज मुद्दाम केला नाही. 61 जणांनी लिहिलं. वखारीत काम केलेल्या एका आजोबांनी लिहिलं की त्यांची बायको रस्त्याच्या त्या बाजूच्या दफनभूमीत आहे आणि ते या बाजूला राहतात. ते मी तसंच पाठवलं.

शनिवारी फोनवर माझा नंबर लागायला तीन तास लागले. दीड मिनिट मिळालं. आवाज कापत होता, तरी 'कृपया रेघ' पर्यंत मी पहिल्या 20 सेकंदांत पोहोचले. शेवटी एका कमिशनर बाईंनी ओढ्याचं नाव परत विचारलं. फक्त तेवढंच. नाव सांगितलं आणि फोन बंद झाला.

---

मोजपट्टी | 22 नोव्हेंबर 2021

ओढ्याचं नाव परत विचारलं म्हणजे कुणीतरी ते लिहून घेतलं.

आता रोज नवा नकाशा येईल, रोज बघा. एकदा दुरुस्त झालेली रेघ दुसऱ्या कुणाच्या दुरुस्तीने परत येऊ शकते. आलीच, तर आधीच्या साक्षीची तारीख देऊन पुन्हा लिहा.

---

पाइनखालची | 28 डिसेंबर 2021

उशिरा लिहिते आहे, मधे बर्फाने चार दिवस वीज नव्हती.

नकाशे पक्के झाले, काल कमिशनने ते राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (निवडणुकांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयात दिले. असेंब्लीत आमचं गाव अखंड आहे. रेघ ओढ्यापलीकडे, 14 घरांच्या मागून जाते, अगदी तिथूनच. मोजपट्टी म्हणाले तसंच झालं होतं, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती दोन दिवस हायवेवर परत आली होती. तेव्हा परत लिहिलं, मुख्याध्यापिकांनीही लिहिलं. माझ्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. डोंगरातल्या इतर वस्त्याही हेच मागत होत्या, त्यांचंही बळ होतं.

काँग्रेसच्या नकाशात मात्र गावाचा पूर्वेकडचा कोपरा तुटला. तीन ब्लॉक, माझ्या हिशोबाने 43 माणसं. शेवटच्या दोन दिवसांत झालं, मला कळेपर्यंत कमिशनचं नकाशावरचं मतदान उरकलं होतं. त्या कोपऱ्यातल्या एक आजी दर महिन्याला रक्तदाब तपासायला येतात. त्यांना काल सांगितलं. त्यांनी विचारलं, 'मग आता आमची चिठ्ठी कुणाला लिहायची?' मी त्यांना नव्या कार्यालयाचा पत्ता निवडणुका झाल्या की लिहून देईन म्हटलंय.

लेक आत्ता 15 वर्षांची आहे. तिचा जन्म इथला, 2024मध्ये तिला मत असेल, आणि असेंब्लीसाठी तिच्या मतपत्रिकेवर गावातल्या सगळ्यांच्याच मतपत्रिकेवरची नावं असतील.

ती वही मी जपून ठेवली आहे. सोबत गावाच्या हद्दीचा हाताने काढलेला नकाशा, शेवटच्या घरांची यादी, टाकीचे नळ कुठपर्यंत जातात ते. पुढची जनगणना 2030ची, रेघा 2031मध्ये पडतील. तेव्हा मी इथे असेन-नसेन, पण दवाखान्याच्या खालच्या खणात ते सगळं आहे आणि मुख्याध्यापिकांना ठाऊक आहे. दुसऱ्या कुठल्या लहान गावातल्या कुणाला साक्षीचा मसुदा नमुना म्हणून हवा असेल तर मला इथेच निरोप टाका, मी पाठवते.